दुसऱ्या भेटीचा आजार

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी,
बिदर आणि कलबुर्गी

उच्च रक्तदाब स्वतःहून तक्रार घेऊन दवाखान्यात येत नाही. तापाने अंग फणफणते, खोकला शेजारच्या घरात ऐकू जातो, विंचू चावलेला माणूस मध्यरात्री गाडी काढायला लावतो. रक्तदाब दहा-दहा वर्षे मुकाट्याने शरीरात राहतो. तेवढ्या काळात धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होत जातात, हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू वाढतो, मूत्रपिंडांतली बारीक गाळणी खराब होत जाते. आणि माणूस भाकरी खातो, रानात जातो, लग्नाकार्याला जातो. मग एका सकाळी तोंड वाकडे होते, उजवा हात उचलत नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात त्याला ‘लकवा मारला’ म्हणतात. घरच्यांना तो अचानक आल्यासारखा वाटतो. पण घरातली जुनी कागदपत्रे काढली की अनेकदा एखादी दवाखान्याची चिठ्ठी सापडते: तीन वर्षांपूर्वीची तारीख, १७०/१००, पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि त्यापुढे काहीच नाही.

त्या ‘पुढे काहीच नाही’विषयी हे पत्र आहे.

ओपीडीची सगळी घडी एका भेटीत आटोपणाऱ्या आजारासाठी बसवलेली असते. खिडकीवर चिठ्ठी, मग रांग, डॉक्टरांसमोर दोन मिनिटे, औषधाची खिडकी, घर. तापाला हे पुरते. रक्तदाबाच्या रुग्णाला पहिल्या भेटीत फक्त ओळखता येते. उपचार सुरू होतो तो दुसऱ्या भेटीत, जेव्हा गोळीने आकडा किती उतरला ते दिसते आणि मात्रा वाढवायची की नाही ते ठरते. दुसरी भेट झालीच नाही तर पहिली जवळजवळ वाया जाते. बिदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हृदयविकारासाठी जयदेव संस्थेची शाखा कलबुर्गीतच आहे. मोठ्या उपचाराची सोय गेल्या वीस वर्षांत या भागात बरीच वाढली. दुसऱ्या भेटीची सोय मात्र इमारतीने होत नाही. ती खुर्ची, वही, गोळ्यांचे दिवस आणि भाषा अशा साध्या गोष्टींतून होते, म्हणून तिच्याकडे लक्ष जायला वेळ लागतो.

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, आणि तोही वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे उच्च रक्तदाब. भारतातल्या सरकारी दवाखान्यांत हीच व्याख्या चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी गोळ्या सुरू होत्या. म्हणजे सांधेदुखीसाठी, दाताच्या दुखण्यासाठी, नातवाला दाखवण्यासाठी आलेल्या प्रौढांच्या रांगेत दर चार-पाच जणांमागे एक जण रक्तदाबाचा असण्याची शक्यता आहे. ओपीडीत कोणत्याही कारणाने आलेल्या तीस वर्षांवरील माणसाचा दाब एकदा मोजणे ही या आजाराची सर्वांत स्वस्त शोधमोहीम आहे. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये कोलारपासून सुरू केलेली गृह आरोग्य योजना घरोघरी जाऊन तेच करते. रांगेत आयतीच आलेली माणसे त्यातून निसटू नयेत.

मोजण्याची रीत नीट नसेल तर पुढचे सगळेच चुकते, म्हणून तिच्यावर जरा थांबायला हवे. माणूस बसथांब्यापासून उन्हात चालत आलेला, तासभर रांगेत उभा, लघवी तुंबलेली, गालात तंबाखू. नर्सबाई त्याला उभ्यानेच पट्टा गुंडाळतात, हात खाली लोंबतो, तो मधेच आपली तक्रार सांगत असतो. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात नुसता हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा सुमारे ४ ने आणि हात बाजूला लोंबता ठेवल्याने साडेसहाने जास्त आला. १३६ चे १४२ व्हायला तेवढे पुरते, आणि मग ज्याला गरज नाही त्याला जन्माची गोळी लागते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला की बाहीच दंडाला आवळते. पातळ बाही असेल तर तिच्यावरूनच पट्टा बांधणे त्यापेक्षा बरे, जाड असेल तर आडोशाला हात मोकळा करायला हवा. तो आडोसा, म्हणजे एक साधा पडदा, पुष्कळ ठिकाणी नसतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून मोठ्या मापाचा दुसरा पट्टा टेबलावरच हवा, कपाटात कुलपाखाली नको.

बरोबर रीत अशी आहे. अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांना हे वेगळे विचारावे लागते, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. लघवीला जाऊन यायचे. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर पाच मिनिटे गप्प बसायचे, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि सरासरी लिहायची. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब पाहायचा आणि ज्या हाताचा जास्त येईल तो पुढे कायम धरायचा. नाडी अनियमित लागत असेल तर यंत्राच्या एका आकड्यावर विसंबायचे नाही, पुन्हा मोजायचे, जमल्यास कानाने ऐकून. पाच मिनिटांचा वेळ गर्दीत कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर रांगेतच आहे: माणूस तासभर उभा राहतोच. डॉक्टरांच्या दाराआधी भिंतीला लावून चार खुर्च्या ठेवल्या, रांग तिथून पुढे सरकवली आणि शेवटच्या खुर्चीजवळ मोजणी ठेवली, तर पाच मिनिटे आपोआप भरतात.

मोजण्याचे हे शास्त्र फार जुने नाही. दंडाला फुगवता पट्टा बांधण्याची कल्पना इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये मांडली. रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने धमनीचा आवाज ऐकून दोन्ही आकडे पकडले. औषधाच्या इतिहासात मात्र मुंबईचे नाव ठळक आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांत पद्धतशीर तपासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, १९५७ चा लास्कर पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. त्या मुळीतून पुढे रिसर्पिन निघाले, जगभर वापरले गेले आणि मनाला येणारी खिन्नता व इतर त्रासांमुळे मागे पडले. ‘झाडपाल्याची गोळी द्या, इंग्रजी नको’ असे म्हणणारे रुग्ण सीमाभागात बरेच आहेत. त्यांना ही हकीकत सांगण्यासारखी आहे: झाडपाल्याचेही मोजमाप झाले, त्याचे गुण घेतले गेले, दोष कळल्यावर त्याहून चांगले शोधले गेले.

आजची औषधे जुनी, स्वस्त आणि ओळखीची आहेत. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या तिघांवर बहुसंख्य रुग्णांचे भागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी इतरांसह २०१७ च्या अखेरीस सुरू केलेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हेच दाखवले. पहिल्या २५ जिल्ह्यांत शेजारच्या तेलंगणाचे आणि महाराष्ट्राचेही जिल्हे होते, साताऱ्यापासून भंडाऱ्यापर्यंत. उपक्रमाचे गमक नवे औषध नव्हते. प्रत्येक राज्याने एकच पायऱ्यांची चिठ्ठी ठरवली: पहिल्या पायरीला कोणती गोळी, महिन्याने १४०/९० च्या खाली आले नाही तर कोणती भर, त्यानंतर काय. डॉक्टर बदलला तरी चिठ्ठी बदलत नाही. साठाही तीनच औषधांचा करायचा असल्याने तो सहसा संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही याच वाटेने जातात आणि शक्य तिथे दोन औषधे एकाच गोळीत देण्याचा सल्ला देतात.

डॉक्टरागणिक चिठ्ठी बदलण्याचा तोटा रुग्णाच्या पिशवीत दिसतो. तालुक्याच्या दवाखान्यातून एक पट्टी, खाजगी डॉक्टरांकडून दुसरी, मुंबईला लेकाकडे गेले असताना तिसरी. तिन्हींवर नावे वेगळी आणि आतले औषध एकच. रुग्ण तिन्ही घेतो, त्याला चक्कर येते, ‘गोळीने बीपी लो झाला’ असे ठरते आणि सगळ्याच गोळ्या सुटतात. उलटही होते: अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, ती मूत्रपिंड बिघडल्याची खूण समजून रुग्ण घाबरतो आणि कोणालाही न विचारता थांबवतो. सुजेची शक्यता पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितली तर तो परत येतो, कारण काय होणार हे त्याला आधी माहीत असते.

टेल्मिसार्टन सुरू करण्याआधी आणि नंतर काही आठवड्यांनी रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन व पोटॅशियम पाहावे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देताना तर नेमके विचारलेच पाहिजे, कारण गर्भाला ते घातक आहे. गरोदरपणात लॅबेटालॉल, मिथिलडोपा किंवा लांब काम करणारे निफेडिपिन ही ठरलेली औषधे आहेत आणि १६०/११० ही तिथे तातडीची वेळ.

‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’ हा या भागातला सर्वांत मोठा अडसर आहे. लोक गोळीला व्यसनासारखे समजतात. सुटत नाही हे खरे आहे, कारण आजार सुटत नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसते, म्हणून चष्म्याची सवय लागली असे कोणी म्हणत नाही. या गोळीचा फायदा रुग्णाला जाणवत नाही, तो मोजावाच लागतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात १२३ अभ्यासांतील सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती. वरचा आकडा दर १० ने उतरला की लकव्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदय थकण्याचा २८ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून निघाले.

आता गोळ्यांचे दिवस. पंधरा दिवसांची पट्टी म्हणजे वर्षाला चोवीस फेऱ्या. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या स्त्रियांना राज्यातल्या साध्या बसचे तिकीट लागत नाही, म्हणून भाडे आता त्यांची मुख्य अडचण राहिलेली नाही. बुडालेला रोज आहे. तुरीच्या काढणीत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत एक रोज बुडवून नुसती पट्टी आणायला कोणी येणार नाही, आणि न येण्यात त्याचा दोषही नाही. दाब आटोक्यात येईपर्यंत महिन्याने बोलवावे. आटोक्यात आल्यावर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि गोळ्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा उपकेंद्रातून मिळाव्यात. दाब स्थिर असलेल्या माणसाला केवळ पट्टीसाठी बिदर किंवा कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात रांग लावायला लावणे रुग्णालाही जड आणि त्या दवाखान्यालाही. पुण्या-मुंबईला, हैदराबादला हंगामी कामाला जाणाऱ्यांना जाण्याआधी पूर्ण हंगामाचा साठा मिळावा. आषाढीला पंढरपूरला चालत जाणाऱ्यांनाही तसेच, कारण वाटेत गोळी सुटते ती घरी आल्यावरही सुटलेलीच राहते.

सीमेचा प्रश्न इथेच येतो. कमालनगरच्या माणसाला बिदरपेक्षा उदगीर जवळ, बसवकल्याणच्या माणसाला उमरगा जवळ. आळंद-अफजलपूरची माणसे सोलापूरला जातात, औरादची लातूरला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे दळणवळण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये वेगळी झाली म्हणून थांबले नाही. थांबते ती कागदाची वाट. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या मराठी कागदावर काय लिहिले आहे हे आळंदला कळायला हवे आणि आळंदचे सोलापूरला.

भाषेची अडचण किती बारीक असते ते एका पाकिटावरून दिसते. औषधाच्या पाकिटावर कन्नडमध्ये ‘ऊटद नंतर’ लिहिलेले असते. कोणी वाचून दाखवले तर मराठी बाईला त्यातला ‘नंतर’ कळतो, कारण तो दोन्ही भाषांत एकच. कशानंतर, ते कळत नाही, कारण ऊट म्हणजे जेवण हे तिला माहीत नसते. ‘मात्रे’ म्हणजे कन्नडमध्ये गोळी. मराठीत ‘मात्रा’ म्हटले की औषधाचे प्रमाण. ‘बेळिग्गे ओंदु मात्रे’ म्हणजे सकाळी एक गोळी हे न कळल्याने ती रात्री घेतली गेली तर फार बिघडत नाही. पण ‘लघवीची गोळी’, म्हणजे क्लोरथॅलिडोन, रात्री घेतली गेली तर माणूस रात्रभर उठतो आणि तिसऱ्या दिवशी ती सोडून देतो. बिदर आणि आळंदच्या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि दख्खनी एकाच अंगणात बोलल्या जातात, म्हणून हा प्रश्न कोणत्या एका भाषेच्या मानापमानाचा नाही. ज्या तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या अखिल भारतीय तरतुदींत आहेच. गोळी केव्हा घ्यायची याहून महत्त्वाची सूचना रुग्णाला दुसरी कोणती असणार?

खिशात मावणारे एक जाड कार्ड पुरेल. वर कन्नड आणि मराठी, उर्दू वाचणाऱ्यांसाठी उर्दू. औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाही. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र. तारीख, आकडा, पुढची तारीख. अंकांचे रकाने सगळ्यांना वाचता येतात, सीमेपलीकडच्या डॉक्टरांनाही.

उन्हाळ्याचे नियोजन वेगळे लागते. कलबुर्गीत पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये या विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळच्या वेळेत चालवण्याची रीत त्यामुळेच पडली. घाम गेलेल्या शरीरात लघवी वाढवणारी गोळी आणि टेल्मिसार्टन एकत्र पडले, त्यात जुलाब झाले, की दाब एकदम घसरू शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मार्चअखेर प्रत्येक नोंदलेल्या रुग्णाची, विशेषतः साठीपुढच्या आणि रानात राबणाऱ्यांची, चिठ्ठी एकदा पाहून घ्यावी. उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी दोन दिवस थांबवायची हेही कार्डावर लिहून द्यावे.

गुडघेदुखीची गोळी हा दुसरा लपलेला शत्रू. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन रोज घेतले तर दाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणामही कमी होतो. ऊस तोडणारा, निंदणी करणारी बाई हे किराणा दुकानातून घेतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. दाब उतरत नसेल तर मात्रा वाढवण्याआधी हे विचारावे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे सपाट चमचाभर. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांत दोष काही नाही. मीठ येते ते लोणच्यातून, पापडातून, शेंगाचटणीतून, मिरचीभज्यांतून आणि ताटात वरून घेतलेल्या चिमटीतून. ‘सैंधव चालते’ हा गैरसमज आहे, तेही मीठच आहे. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले मीठ वापरल्याने लकवे १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांना मात्र ते मीठ विचारल्याशिवाय देऊ नये.

आकडा १८०/१२० च्या पुढे दिसला की घबराट होते आणि कुठेकुठे अजून जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडली जाते. ती रीत बंद व्हायला हवी. दाब अचानक कोसळून त्यातूनच लकवा येऊ शकतो. छातीत दुखणे, धाप, एका बाजूची कमजोरी, बोबडी वळणे, अंधुक दिसणे यांतले काही असेल तर मोठ्या दवाखान्यात लगेच पाठवावे. लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि घरून निघायला झालेला उशीरही त्यातच मोजला जातो. लक्षण काहीच नसेल तर शांत बसवून पुन्हा मोजावे, नेहमीच्या गोळ्या सुरू कराव्यात किंवा वाढवाव्यात आणि दोन-चार दिवसांत परत बोलवावे.

राहिली वही. किती जणांचा दाब मोजला, याचा आकडा वर पाठवणे सोपे असते आणि त्याने फारसे काही कळत नाही. नोंदलेल्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण आले आणि आलेल्यांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली होता, हे दोन आकडे प्रत्येक आरोग्य केंद्राने दर महिन्याला काढावेत. शहरात बसलेल्या अधिकाऱ्याला त्यावरून कोणत्या केंद्रात औषध संपले, कुठे पट्टा फाटला, कुठे डॉक्टर बदलले हे ओळखता येते. वहीतून तिसरी गोष्ट निघते ती न आलेल्यांची यादी. ती दर सोमवारी काढून, गावाप्रमाणे वेगळी करून आशाताईंच्या हातात दिली तर गुरुवारपर्यंत बहुतेक नावांची उत्तरे येतात: हा पुण्याला गेला, हिची सून बाळंत आहे, याची पट्टी संपली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी येणार आहे.